गुडघा वापरून झिजतो की न वापरून?

रंकाळाकाठ
मंडळी, घरात दोन आघाड्यांवर वाद पेटलाय म्हणून धागा काढतोय.

पहिली आघाडी आई. वय ६४, वजन ७२ किलो. उजवा गुडघा दुखतो, चढण्यापेक्षा उतरताना जास्त. एक्सरेत सांध्यातली फट थोडी कमी दिसली. एका डॉक्टरांनी सांगितलं, जिने बंद, मांडी घालून बसणं बंद, चालणंसुद्धा बेताचं. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणतात रोज व्यायाम करा, खुर्चीतून उठाबशा काढा. आणि आईला चैत्रात जोतिबाला जायचंच आहे. गाडी डोंगरावर जाते, पण देवळापर्यंतच्या पायऱ्या कुठे चुकतात!

दुसरी आघाडी भाचा. वय १४, तालमीत घातलाय. आजोबा खूश. ताई धास्तावलेली, एवढ्या बैठका मारल्या तर उंची खुंटेल आणि तिशीतच गुडघे जातील म्हणते.

म्हणजे एकाच घरात एकीला भार टाळायला सांगतात आणि दुसऱ्याला घ्यायला. हाडं, सांधे, स्नायू यांना भार मानवतो की मारतो? अनुभव सांगा, माहिती सांगा. तेलाच्या जाहिराती नकोत.

पांढरारस्सा
रोज सकाळी पायाचा रस्सा, वाटीभर. धागा इथेच बंद करायला हरकत नाही.

बीडकाम
निम्मं आयुष्य फौंड्री आणि मशीनशॉपमध्ये गेलंय, त्यामुळे माझं गणित साधं आहे. फिरणाऱ्या भागाला ठरलेलं आयुष्य असतं. बॉल बेअरिंगच्या कॅटलॉगात छापलेलंच असतं, एवढ्या भाराला एवढे फेरे. भार दुप्पट केला की आयुष्य निम्मं होत नाही, पार आठव्या हिश्शावर येतं. गुडघा म्हणजे तरी दुसरं काय? मिळालेले फेरे जपून वापरावेत. भाच्याने शंभर बैठका मारल्या की शंभर फेरे वजा.

मातीतला
बीडकाम दादा, मग आमचे वस्ताद सत्तरी पार करून अजून हौद्यात, म्हंजे कुस्तीच्या मातीत, उतरत्यात ते कसं काय? तुमचा हिशोब लावला तर त्यांचं बेअरिंग चाळिशीतच खलास व्हाय पायजे हुतं. आणि रंकाळाकाठ, आजोबांना रामराम सांगा. पोरगं तालमीत घातलं, एक नंबर काम केलं.

शंकेखोर
जे वस्ताद हौद्यात उतरतात ते तुम्हाला दिसतात. ज्यांना उतरता येत नाही ते घरी बसलेले असतात, ते दिसत नाहीत. एवढंच म्हणायचंय.

मातीतला
लागलं ते मनाला, पण बरोबर हाय.

गवतीचहा
मी फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा माझा कल कुठे असणार हे धरून वाचा.

बीडकाम, बेअरिंगमध्ये पेशी नसतात. हाडात ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी बारीक पोकळ्यांत बसलेल्या असतात आणि अतिसूक्ष्म नळ्यांतून एकमेकींना धरून असतात. भार आला की हाड किंचित वाकतं, नळ्यांतला द्रव सरकतो आणि ते या पेशींना कळतं. नेहमीपेक्षा जास्त भार असेल तर त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन कमी सोडतात. हे प्रथिन हाड बांधणाऱ्या पेशींना आवरून धरत असतं, ते कमी झालं की बांधकामाला मोकळीक. उलट भारच गेला तर हाड पोखरणाऱ्या पेशींचं फावतं. वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांचं खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का घटतं. तिथे कुणी कसले फेरे खर्च केलेले नसतात.

माझं आवडतं उदाहरण टेनिसपटूंचं. १९७७ मध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या दंडाच्या हाडाचे एक्सरे मोजले, तर पुरुषांमध्ये खेळत्या हाताच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जाड भरली. माणूस तोच, खुराक तोच.

शंकेखोर
हाडाचं पटलं. पण धाग्याचा प्रश्न गुडघ्याचा आहे, म्हणजे कूर्चेचा, हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराचा. ती काही पुन्हा उगवत नाही.

गवतीचहा
बरोबर, एकदा खरोखर गेलेली कूर्चा जशीच्या तशी परत येत नाही. पण आहे ती जगते कशावर, ते बघा. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. तिच्या वजनाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग पाणी. भार पडला की थोडा द्रव बाहेर दाबला जातो, भार सुटला की आजूबाजूच्या सांध्यातल्या द्रवातून आत ओढला जातो. आतल्या पेशींचं पोषण बऱ्याच अंशी या ये-जा वर चालतं. मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या लोकांच्या गुडघ्यातली कूर्चा पातळ होत जाते, हे एमआरआयवर मोजलेलं आहे.

आणि कूर्चेला मज्जातंतूही नाहीत. म्हणजे आईंना जे दुखतंय ते कूर्चा "घासल्यामुळे" नव्हे. दुखणं येतं खालच्या हाडातून, सांध्याच्या अस्तरातून, आजूबाजूच्या स्नायूंतून आणि त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांतून. म्हणूनच एक्सरे भयंकर आणि दुखणं किरकोळ, किंवा नेमकं उलट, अशी माणसं रोज भेटतात.

पांढरारस्सा
पण मग "गुडघ्यातलं वंगण संपलं" म्हणतात त्याचं काय? आमच्या गल्लीत निम्म्या लोकांचं संपलंय.

प्लास्टरवाला
अस्थिशल्यचिकित्सक आहे, रात्रपाळीत चोरून वाचतोय.

वंगण संपत वगैरे नाही. झिजेच्या संधिवातात कित्येकदा सांध्यात पाणी उलट वाढतं, त्यालाच आपण गुडघ्याला सूज म्हणतो. द्रवाचा दाटपणा कमी होतो, ते खरं. निरोगी सांध्यात घर्षण इतकं कमी असतं की बर्फावर बर्फ घासला तरी त्याहून जास्त होईल.

रस्सा जरूर प्या, मीही पितो. पण पायातलं कोलॅजन पोटात पचतं, त्याचे तुकडे होतात. ते गुडघ्याचा पत्ता विचारत तिथेच जाऊन बसत नाहीत.

पांढरारस्सा
डॉक्टर, तुम्ही आमच्या धर्मभावना दुखावल्यात.

मंगळवारपेठ१०
विषयाला धरून विचारतो. उतरताना जास्त का दुखतं? मला पन्हाळा उतरताना हाच त्रास. चढताना नुसता दम लागतो, उतरताना गुडघे बोंबलतात. फुटबॉल सोडून बरीच वर्षं झाली.

गवतीचहा
हे मोजलेलं आहे. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्याच्या आतच भार मोजणारं यंत्र बसवून रुग्णांना चालवलं, जिने चढवले-उतरवले. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण २.६ पट भार, जिना चढताना ३.२ पट, उतरताना ३.५ पट. आईंच्या ७२ किलोला उतरताना अडीचशे किलो धरा.

वजन एकपट आणि भार तिप्पट कसा? कारण सांध्यावर नुसतं वजन येत नाही, स्नायूंची ओढही येते. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याच्या मध्यापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर ओढतो. शरीराचं वजन त्याहून कितीतरी लांबून गुडघ्याला वाकवत असतं. त्याला तोलायला स्नायूला वजनाच्या कितीतरी पट ओढावं लागतं आणि ती सगळी ओढ सांध्यावर दाब बनून येते. उतरताना तर हाच स्नायू लांब होत होत ब्रेक लावतो. तो अशक्त असेल तर ब्रेक नीट लागत नाही, पाय आदळतो. "गुडघा जपा" म्हणत बसवून ठेवलं की पहिला हाच स्नायू वाळतो. मग पुढच्या वेळी जिना आणखी दुखतो, मग आणखी बसा.

बीडकाम
हे वाचून शोधाशोध केली तर आमच्याच जातकुळीतला माणूस सापडला. कार्ल कुलमान, झुरिकमध्ये पूल आणि क्रेनचं गणित शिकवायचा. १८६६ च्या सुमारास त्याने हेर्मान फॉन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञाकडे मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. खुब्याकडच्या टोकात हाड भरीव नसतं, आत जाळी असते. त्या जाळीच्या रेषा क्रेनच्या वाकड्या हातातल्या ताण-दाबाच्या रेषांसारख्या वळलेल्या होत्या! पुढे १८९२ मध्ये यूलियुस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकाने यावर अख्खं पुस्तक लिहिलं. भार बदलला की आतली जाळीही बदलते आणि बाहेरचा आकारही, असा त्याचा नियम.

हाडाचा स्वभाव बीडासारखा, म्हणजे ओतीव लोखंडासारखा आहे. दाबाला दणकट, ताणाला त्याहून कच्चं, कातर बलाला सगळ्यात कच्चं. मांडीच्या हाडाची भिंत घेतली तर दाबाला साधारण १७० ते २०० मेगापास्कल, ताणाला १३० च्या आसपास. म्हणून माणूस उंचावरून सरळ पायावर पडला तर एक वेळ वाचतो, पण पाय अडकून पिळवटला की हाड मोडतं.

आता माझा मूळ मुद्दा, तो मी सोडलेला नाही. बीडाचा तुकडा एकदम तुटेल त्याच्या कितीतरी कमी भाराला, पण लाखो वेळा भार दिला तर तुटतोच. आम्ही त्याला फटीग म्हणतो. हाडाला फटीग नाही असं कोणी छातीठोक सांगू शकेल का?

प्लास्टरवाला
कोणीच सांगणार नाही, कारण आहे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने संचलन करून पाय सुजलेल्या सैनिकांचं वर्णन केलं. एक्सरेचा शोध पुढे १८९५ चा, त्यामुळे ते पायाच्या हाडांना गेलेले तडे होते हे नंतर कळलं.

फरक असा की हाडात तडे रोज पडतात आणि रोज बुजवले जातात. बुजवण्याची पद्धत मजेशीर आहे. आधी खराब भाग पोखरून काढायचा, त्याला काही आठवडे. मग नवं हाड भरायचं, त्याला काही महिने. म्हणजे अचानक खूप भार वाढवला की सुरुवातीचे काही आठवडे हाड तात्पुरतं कमजोर असतं, आणि नेमका त्याच वेळी माणूस "आता सवय झाली" म्हणून आणखी वाढवतो.

भरती२०२६
सर, हे माझ्यासाठीच लिहिलंय काय? पोलीस भरतीची तयारी चालू आहे. दिवाळीपर्यंत काहीच धावत नव्हतो, आता रोज पहाटे डांबरी रस्त्यावर. नडगीच्या आतल्या बाजूला दुखतंय. मित्र म्हणतात पळून पळून जाईल.

प्लास्टरवाला
पळून पळून वाढेल. नडगीवर लांब पट्टा दुखत असेल आणि धावताना गरम झाल्यावर कमी होत असेल तर बहुधा हाडाच्या आवरणाशी संबंधित दुखणं, धावणं कमी केलं की बसतं. पण बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर धावणं आजच थांबव आणि दाखव. पहिले दोन-तीन आठवडे एक्सरे साफ येऊ शकतो, त्यावर निर्धास्त होऊ नकोस. तोवर सायकल, पोहणं चालेल.

भरती२०२६
एकाच जागी आहे. उद्या सीपीआर हॉस्पिटलला जातो.

शंकेखोर
जाता जाता, सायकल आणि पोहणं हाडाला फारसं काही देत नाही ना? पट्टीच्या सायकलपटूंची हाडं विरळ असल्याचं वाचलंय.

गवतीचहा
हो. दमसास उत्तम, हाडाला ठोका नाही. पण तडा भरायला दिलेल्या सुट्टीत तेच हवंय.

मावशीगडहिंग्लज
दोन दिवस वाचतेय. भार चांगला, भार चांगला म्हणताय सगळे. मग आमच्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या बायकांचं काय? पहाटेपासून कमरेत वाकून तोडणी, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर फळीवरून चढायचं, हंगामभर. भाराने हाडं घडत असती तर त्या पोलादाच्या व्हायला हव्या होत्या. चाळिशीत कंबर धरून चालतात. तुमचा वोल्फ त्यांना का लागू होत नाही?

बीडकाम
मावशी, हा प्रश्न धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

गवतीचहा
लागू होतो मावशी, पण तो नियम अर्धाच आहे. उरलेला अर्धा विश्रांतीचा. १९८४ मध्ये पक्ष्यांच्या पंखाच्या हाडावर एक प्रयोग झाला. हाडाला बाकी काही काम द्यायचं नाही, फक्त यंत्राने दिवसातून ठरावीक वेळा भार द्यायचा. दिवसाला चार वेळा दिला तरी हाड टिकलं. ३६ वेळा दिला तर वाढलं. १८०० वेळा दिला तर ३६ पेक्षा जास्त काही मिळालं नाही. म्हणजे थोड्या भारानंतर हाडाच्या पेशी पुढचा भार ऐकेनाशा होतात, आणि काही तास मोकळे गेले की पुन्हा ऐकू लागतात. फायदा पहिल्या थोडक्या भारात मिळून जातो. नंतरच्या दिवसभराच्या भाराने बांधणी वाढत नाही, तडे तेवढे वाढतात.

दुसरं, वाकून काम करताना कमरेवर काय येतं ते वर गुडघ्याचं सांगितलं तसंच. पाठीचे स्नायू मणक्यापासून पाच-सहा सेंटिमीटरवर ओढतात, आणि पुढे झुकलेलं धड व हातातलं ओझं त्याच्या कित्येक पट लांब. ही ओढ तासन्‌तास, स्नायू थकल्यावरही. थकलेला स्नायू धक्का झेलत नाही, मग तो चकतीवर आणि अस्थिबंधांवर जातो.

टेनिसपटू, पैलवान खेळून झालं की पडून राहतो, खातो, मालिश करून घेतो. तोडणीच्या बाईला त्यातलं काहीच नाही. दुखलं म्हणून आजची पाळी हलकी घेतो, असं तिला म्हणता येत नाही. व्यायाम आणि ढोरमेहनत यांत किलो तेच असतील, पण कधी थांबायचं हे ठरवणारा वेगळा असतो.

मावशीगडहिंग्लज
हे पटलं. उचलीचे पैसे आधीच घेतलेले असतात, थांबणार कशी ती. हे मुकादमाला कोण सांगणार, तो वेगळा धागा.

शंकेखोर
मावशींच्या मुद्द्याला जोड देतो. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली होती. हौसेने धावणाऱ्यांत खुबा-गुडघ्याचा संधिवात ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२, आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३. दोन्ही टोकं वाईट, मधले सुखी. अर्थात यावरही माझी शंका आहेच. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात, हे त्यात मिसळलेलं असणार.

बीजिंगमधल्या ज्येष्ठांच्या पाहणीत तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा संधिवात जास्त आढळला होता. म्हणजे उकिडवं बसणं वाईट नाही, तासन्‌तास बसणं वाईट.

मातीतला
आता भाच्याचं बोलू का? आमच्या वस्तादांनी नव्या पोराला पयल्यांदा बैठका मोजायलाच दिल्या न्हाईत. माती उकरायची, हौदा लोळवायचा, थोडे जोर. आकडा वाढवायचा तो हळूहळू. आणि मातीत ताक, तेल, हळद घालून ती मऊ ठेवायची, म्हणजे पडल्यावर मार कमी. पोरांच्या गुडघ्याचा खरा घात बैठकांनी न्हाई, एकेरी पट काढताना, म्हंजे समोरच्याचा एक पाय धरून पाडताना, पाय रुतलेला आणि अंग फिरलेलं, तिथं हुतो. माझा असाच गेलाय.

मंगळवारपेठ१०
सेम टू सेम. स्टडचा बूट मैदानात रुतला, अंग वळलं, गुडघा तिथंच राहिला. टप्प असा आवाज मलाच ऐकू आला. पुढचं क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आतला अस्थिबंध. समोरचा खेळाडू लांब होता, कुणी धक्का पण नव्हता मारला.

प्लास्टरवाला
या दुखापतीत बहुतेक वेळा कुणी धक्का मारलेला नसतोच. थांबणं, वळणं, उडी मारून उतरणं. उतरताना गुडघा आत झुकतो आणि पिळवटतो. उडी मारून मऊ उतरायचं शिकवणारे, तोल आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे सराव खेळाआधी नियमाने केले तर पायाच्या दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. पेठापेठांतली पोरं शाहू स्टेडियमवर जीव तोडून खेळतात, पण वॉर्मअप म्हणजे चेंडूला दोन लाथा.

भाच्याचं सांगतो. बैठका मारून उंची खुंटते याला आधार नाही. वाढत्या हाडाच्या टोकाला वाढपट्टी असते. तिच्यावर सतत, न सुटणारा दाब राहिला तर वाढ मंदावते हे खरं, पण बैठकीचा भार येतो आणि जातो. उलट या वयात मिळालेला भार सोन्यासारखा. वयात येताना उंची झपाट्याने वाढते त्या दोनेक वर्षांत माणूस आयुष्यभराच्या हाडातला जवळपास चौथा हिस्सा कमावतो. जपायचं एकच. वाढपट्टी ही कंडरेपेक्षा कच्ची असते. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखायला, फुगायला लागलं तर बैठका आणि उड्या कमी करायच्या. त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात, वाढ थांबली की बहुतेकांचं जातं. "पैलवान आहेस, सोस" म्हणून दामटायचं नाही.

रंकाळाकाठ
ताईला स्क्रीनशॉट पाठवला. तिचा पुढचा प्रश्न: "आणि कान?"

प्लास्टरवाला
कानाबद्दल ताईंची काळजी रास्त आहे. तिथली कूर्चा वेगळ्या जातीची, लवचिक, आणि तिला पोषण वरच्या आवरणातून मिळतं. डोकं डोक्यावर घासलं, कान मुडपला की आवरण कूर्चेवरून सरकतं, मधे रक्त साठतं, पोषण तुटतं. रक्त वेळेत काढून कान दाबून बांधला नाही तर तिथे ओबडधोबड कूर्चा आणि कठीण ऊतक भरतं. कान ताजा फुगलेला असताना, पहिल्या दोन-तीन दिवसांत, दाखवला तर आकार वाचतो.

मातीतला
कान मोडल्याशिवाय पैलवान दिसतो का डॉक्टर! 😄 पण खरं सांगायचं तर माझा डावा कान झोपताना अजून टोचतोय.

आणि एक सांगा. सुट्टीनंतर मेहनत केली की दुसऱ्या दिवशी अंग धरतं, ते लॅक्टिक ॲसिड ना?

गवतीचहा
नाही. लॅक्टिक ॲसिड तासाभरात रक्तातून निघून जातं, आणि अंग धरतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. स्नायू लांब होत होत भार पेलतो, म्हणजे बैठकीत खाली जाताना किंवा डोंगर उतरताना, तेव्हा तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि मग सूज येते, त्याचं ते दुखणं. दुरुस्तीनंतर तोच भार पुन्हा दिला तर खूपच कमी दुखतं. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो, कंडरेला आणि हाडाला महिने लागतात. घोटाळा तिथेच होतो, अंगात ताकद आली म्हणून माणूस वाढवत सुटतो आणि कंडरा मागे राहते.

कोथरूडचापाहुणा
पुण्याहून डोकावतोय. वडिलांचा खुबा दुखतो, काठी घ्यायला सांगितलीय. दुखऱ्या बाजूच्या हातात धरायची ना?

पांढरारस्सा
पुण्यात काठी कुठल्या हातात धरायची यावर पाटी नाही लावली अजून?

गवतीचहा
😄 चांगल्या बाजूच्या हातात. एका पायावर उभं राहिलं की शरीराचं वजन खुब्याच्या आतल्या बाजूला पडतं आणि कंबर तिकडे कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे स्नायू जोरात ओढतात. म्हणून खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. विरुद्ध हातातली काठी खुब्यापासून लांब टेकते, त्यामुळे थोडासा रेटा दिला तरी त्या स्नायूंची बरीच ओढ वाचते.

मंगळवारपेठ१०
अवांतर: कोल्हापुरी चप्पल गुडघ्याला चांगली की वाईट? बायको म्हणते जाड सोलचे स्पोर्ट शूज घे.

शंकेखोर
कोल्हापुरीवरचा अभ्यास पाहिला नाही. पण २०१० मध्ये शिकागोत गुडघेदुखीच्या रुग्णांना वेगवेगळी पादत्राणं घालून चालवलं, तर टाच उचललेल्या जड, कडक बुटांपेक्षा सपाट, लवचिक चपलांत गुडघ्यावरचा भार कमी निघाला.

गवतीचहा
पण म्हाताऱ्या माणसाला ओल्या फरशीवर चप्पल घालून पाठवू नका. घसरून खुबा मोडला तर गुडघ्याचा हिशोब कोण बघतो.

रंकाळाकाठ
धागा वर काढतो. डॉक्टर, गवतीचहा, आता आईसाठी नेमकं काय करू ते सांगा. महिनाभर आहे हातात.

गवतीचहा
तपासल्याशिवाय सांगतेय हे ध्यानात ठेवा. तुमच्या फिजिओ बाई जवळ आहेत, त्यांचं आधी.

खुर्चीतून उठाबशा चालू ठेवा. खुर्ची बुटकी असेल तर उशी टाकून उंच करा, महिन्यात उशी काढता आली तर उत्तम. घरातल्या एकाच पायरीवर चढ-उतर, हाताला आधार. व्यायामाच्या वेळी थोडं दुखलं तर घाबरू नये. दहात तीन-चारपर्यंत ठीक, आणि दुसऱ्या सकाळी नेहमीइतकं व्हायला हवं. नाही झालं तर भार जास्त झाला, एक पाऊल मागे. पूर्ण बंद नको. वजन दोन किलो उतरलं तरी मोठं काम, एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचे साधारण चार किलो कमी होतात. मांडी घालून जेवायला थोडा वेळ बसल्या तर बसू दे, दुपारभर नको. रंकाळ्यावर रोज जेवढं जमतं तेवढं.

जोतिबाला चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, कठड्याच्या बाजूने. गर्दीच्या मुख्य दिवशी नेऊ नका, धक्काबुक्कीत पाय पिळवटायला वेळ लागत नाही.

प्लास्टरवाला
सहमत. गुडघा मधेच अडकत असेल, एकदम सुजून गरम झाला, किंवा पाय टेकवेना, तर व्यायाम बाजूला ठेवून दाखवा. त्या डॉक्टरांनी "बेताने" सांगितलं ते सूज असतानाच्या दिवसांपुरतं असेल, एकदा त्यांनाच विचारा. घरी येईपर्यंत "आठवडाभर"चं "कायमचं" झालेलं मी खूपदा पाहिलंय.

रंकाळाकाठ
विचारलं आईला. म्हणाली, "सूज उतरेपर्यंतच म्हणाले होते, पण तुझ्या मावशीनं कायमचं बंद कर म्हणून सांगितलं." आता मावशीचा वेगळा धागा काढावा लागणार. उशी टाकून उठाबशा सुरू केल्यात, भाचा मोजायला बसतो.

भरती२०२६
सीपीआरला जाऊन आलो. तडा असण्याची शक्यता आहे म्हणाले, पुढच्या आठवड्यात एमआरआय. तोवर पोहायला जातोय. धन्यवाद डॉक्टर.

मंगळवारपेठ१०
माझा घोटा सारखा मुरगळतो, त्याला काय करू? जुनं दुखणं आहे.

गवतीचहा
अस्थिबंध ताणला गेला की घोटा कुठल्या कोनात आहे हे मेंदूला उशिरा कळायला लागतं. एका पायावर उभं राहायचा सराव करा. सकाळी दात घासताना करता येतो, आधी डोळे उघडे ठेवून.

पांढरारस्सा
आणि ब्रश तोंडात धरून पडलो तर दाताचा डॉक्टर कोण सुचवणार?

गवतीचहा
बेसिन धरायला हात मोकळा ठेवा. पडलातच तर प्लास्टरवाला रात्रपाळीला असतातच.